घास अडतो तेव्हा

आजचा विषय जरा जड आहे, आणि तो मी आपण होऊन मागून घेतला आहे. मी डॉक्टर नव्हे. एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला अन्ननलिकेचा कर्करोग झाला तर त्याला किरणोपचार द्यावेत की नाही, या प्रश्नावर तर्कशास्त्राच्या मास्तरानं बोलावं हे सुतारानं लोहाराचा भाता फुंकण्यासारखं आहे, असं कोणी म्हटलं तर मी रागावणार नाही. पण या प्रश्नाचा निम्मा भाग दवाखान्यात सुटतो आणि निम्मा घरच्या ओसरीवर. दवाखान्यातला भाग मी डॉक्टरांना विचारून आणि चार ठिकाणी वाचून समजावून घेतला आहे. ओसरीवरच्या भागाबद्दल बोलण्याचा मात्र माझा स्वतःचा अधिकार आहे. कारण तिथं मी चुकलो आहे.

आमचे आबा, म्हणजे माझे थोरले चुलते, कऱ्हाडच्या बाजूला आमच्या गावी असत. जन्मभर शेती केली. त्र्याऐंशीव्या वर्षीसुद्धा सकाळी काठी टेकत मळ्यापर्यंत जाऊन येत. एका दिवाळीत मी गावी गेलो, तर आबा पंगतीला दिसले नाहीत. वहिनी म्हणाल्या, "त्यांना हल्ली वेळ लागतो जेवायला. दात राहिले नाहीत ना. पडवीत एकटेच बसतात." मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. वय झालं की माणूस भाकरी दुधात कुस्करून खातो, हे आपण लहानपणापासून पाहत आलेलो आहोत. दुसऱ्या दिवशी सहज पडवीत डोकावलो. पायरीशी घरचा कुत्रा बसला होता आणि आबा आपल्या ताटलीतला काला त्याला हातानं भरवत होते. कुत्रा चांगला गुबगुबीत झाला होता. आबांच्या सदऱ्याचा गळा मात्र सैल पडला होता.

मी विचारलं, "आबा, तुम्ही का नाही खात?"

त्यांनी छातीच्या मधल्या हाडावर बोट ठेवलं. म्हणाले, "घास हितं थांबतोय. आखाडापास्नं."

आषाढ ते कार्तिक, चार महिने झाले. घर भरलेलं, दोन सुना, तीन नातवंडं. आणि कुणाला पत्ता नाही. दोष कुणाचा म्हणायचा? म्हातारपण हे असं पांघरूण आहे की त्याखाली कुठलंही दुखणं झाकून जातं.

श्रोतेहो, या दुखण्याची चाल मोठी ठरीव असते, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. आधी भाकरी अडते. माणूस वर पाण्याचा घोट घेतो आणि ती उतरवतो. मग भात अडतो. मग पेज आणि ताक तेवढं उतरतं, आणि शेवटी तेही उतरेनासं होतं. दात नसलेल्या माणसाची अडचण तोंडात असते. एकदा घास मऊ झाला की तो बिनतक्रार खाली जातो. म्हणून घरच्या म्हाताऱ्या माणसाला एवढंच विचारावं, की त्रास चावायला होतो की गिळायला? गिळायला होतो म्हणाले, वजन उतरत असलं, पाणी पिताना ठसका लागत असला, तर दात आणि वय यांना दोष देत बसू नये. दुर्बीण घालून आतून पाहतात, संशय आला तर कणभर तुकडा काढून तपासायला पाठवतात. तपासणी काही मिनिटांची आहे.

अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंत गेलेली सुमारे २५ सेंटिमीटरांची, एका वितीहून किंचित लांब अशी नळी. पुढं श्वासनलिका आणि हृदय, मागं पाठीचा कणा, अशा अगदी दाटीच्या जागेतून ती उतरते. ती लवचीक असते. आत गाठ वाढू लागली तरी उरलेला भाग ताणून ती वाट करून देते आणि काही काळ सगळं ठीक असल्यासारखं चालतं. घास अडू लागतो तोवर नळीचं बरंचसं तोंड बुजलेलं असतं. म्हणून हा रोग उशिरा कळतो. तरण्या माणसातही उशिराच कळतो.

आपल्याकडे हा रोग बहुतकरून नळीच्या आतल्या अस्तराचा असतो. तंबाखू, मग ती ओढा की चघळा, आणि दारू हे त्याचे जुने सोबती. फार कढत पेयांवरही संशय आहे. ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेयं कर्करोगाला बहुधा कारण होतात असं कर्करोग-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१६ साली नमूद केलं. चुलीवरून उतरलेला चहा बशीत ओतून पिण्याची आपली जुनी रीत काही अगदीच अडाणीपणाची नव्हती म्हणायची.

आता उपचार. सगळ्यात जुना विचार शस्त्रक्रियेचा. न्यूयॉर्कमध्ये फ्रान्झ टोरेक नावाच्या सर्जननं १९१३ साली एका ६७ वर्षांच्या बाईची रोगट अन्ननलिका छाती उघडून काढली. तुटलेली वाट त्यानं शरीराबाहेरून रबरी नळी लावून जोडली, आणि त्या नळीतून अन्न पोटात घेत ती बाई पुढं दहा वर्षांहून अधिक जगली. आज अशी नळी लावावी लागत नाही. जठरच वर ओढून त्याची नवी नळी करतात. पण शस्त्रक्रिया अजूनही मोठीच आहे, आणि ऐंशीच्या पुढच्या बहुतेकांना ती झेपत नाही. अशा वेळी उरतो तो मुख्यतः किरणोपचार. आमच्याकडे कुणी त्याला शेक म्हणतं, कुणी लाईट देणं म्हणतं.

हे किरण क्ष-किरणांचेच भाऊबंद, फक्त फार जोरकस. राँटगेन या जर्मन शास्त्रज्ञाला १८९५ साली क्ष-किरण सापडले, १८९८ साली क्युरी दांपत्याला रेडियम सापडलं, आणि त्यानंतर लवकरच दोन्ही रोग्यांच्या गाठींवर वापरून पाहिली जाऊ लागली. किरण पेशीच्या आत शिरून तिच्या वाढीचं सूत्रच तोडतात. पण ते निरोगी पेशीलाही लागतात. मग गाठ मरते आणि माणूस वाचतो, हे कसं?

गावातली दोन मातीची घरं डोळ्यांसमोर आणा. एकात माणसं राहतात, दुसऱ्याचा मालक परागंदा झालेला. पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो. पण राहत्या घरातला माणूस उघडीप मिळाली की कौल सारखं करतो, भिंतीचं भगदाड लिंपतो. ओसाड घराला लिंपणारं कुणी नाही. एकाच रात्री ढगफुटी झाली तर दोन्ही घरं वाहून जातील. रोज थोडा थोडा पाऊस आणि मध्ये उघडीप असं झालं, तर महिन्याभरानं राहतं घर उभं असेल आणि ओसाड घर बसलेलं असेल. निरोगी पेशी रात्रीतून आपली डागडुजी करते, कर्करोगाच्या पेशीला ती तितकी जमत नाही. म्हणून किरणांची मात्रा एकदम न देता रोज थोडी देतात, आठवड्यातून पाच दिवस, आणि पुरा उपचार असेल तर पाच-सहा आठवडे. ही मात्रा मोजण्याच्या मापाला ग्रे म्हणतात. पुऱ्या उपचारात साधारण ५० ग्रे दिले जातात.

यंत्राखाली पडून राहायचं ते थोडी मिनिटं. किरण दिसत नाहीत, लागताना दुखत नाहीत. यंत्र बंद झालं की किरणही संपले; रोग्याच्या अंगात ते राहत नाहीत. तेव्हा शेक घेऊन आलेल्या आजोबांजवळ नातवंडांनी खुशाल बसावं. त्यांचं ताट-तांब्या वेगळा काढण्याचंही कारण नाही, हा रोग स्पर्शानं जात नाही. किरण छातीवर पडतात म्हणून डोक्याचे केसही त्यांनी गळत नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्याच घरी पहिल्या दिवशी आबांची वाटी वेगळी मांडली गेली होती.

येथवर सरळ आहे. बिकट भाग पुढंच आहे.

आबांचा तपासणीचा कागद हाती आला तेव्हा मी आणि आबांचा मुलगा, आमचा दादा, दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली उभे राहिलो आणि पाच मिनिटांत दोन गोष्टी ठरवून टाकल्या. एक, आबांना काही सांगायचं नाही; नळीला सूज आहे म्हणायचं. दुसरी, खर्चाकडे न बघता जो सगळ्यात मोठा उपचार असेल तो करायचा. दोन्ही निर्णय प्रेमापोटी घेतले होते. आणि ज्याच्या छातीत गाठ होती तो माणूस वीस हातांवर बाकावर बसलेला असताना, त्याला न विचारता घेतले होते.

त्या रात्री मी वाचायला बसलो. शिकलेल्या माणसाला संकटात कागद आठवतात. अमेरिकेतला एक जुना प्रयोग सापडला. त्यात काही रोग्यांना नुसते किरण दिले आणि काहींना थोडे कमी किरण पण जोडीला औषधं दिली. पहिले निष्कर्ष १९९२ साली छापले गेले. पाच वर्षांनंतर औषधं जोडलेल्यांपैकी शेकडा २६ जण हयात होते. नुसते किरण घेतलेल्यांपैकी एकही नव्हता. मला वाटलं, झालं, प्रश्न सुटला. मग नेदरलंड्समधला २०१२ सालचा मोठा प्रयोग वाचला. त्यात शस्त्रक्रियेच्या आधी किरण आणि औषधं दिल्यानं रोगी जास्त जगले. पण त्यात ७५ वर्षांवरच्यांना घेतलंच नव्हतं. म्हणजे ज्या कागदांच्या आधारे जगभर उपचार ठरतात, त्यांतल्या एका मोठ्या कागदात आबांच्या वयाचा एकही माणूस नाही! तर्कशास्त्रात आम्ही मुलांना शिकवतो की जे उदाहरणांत नाही ते निष्कर्षात आणू नये. तरण्यांचा अनुभव म्हाताऱ्यांना लावणं हे तसंच झालं. 'ऐंशीच्या पुढं काही उपयोग नाही' हे विधानही तितकंच निराधार; कारण न तपासता केलेलं.

पुष्कळ शोधल्यावर चीनमधला एक प्रयोग हाती लागला. चीनमध्ये हा रोग फार. हेनान प्रांतातला लिनशियान हा भाग तर त्यासाठी जगभर ओळखला जातो. तिथल्या डॉक्टरांनी ७० ते ८५ वर्षांचे २९८ रोगी घेतले. सगळ्यांना ५४ ग्रे किरण, तीस हप्त्यांत. निम्म्यांना नुसते किरण, निम्म्यांना जोडीला तोंडावाटे घ्यायच्या गोळ्या. निष्कर्ष २०२१ साली छापले गेले. दोन वर्षांनी गोळ्या घेतलेल्यांपैकी शेकडा ५३ जण हयात होते, नुसते किरण घेतलेल्यांपैकी शेकडा ३६. गोळ्यांमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी जास्त जणांत उतरल्या, पण एकंदरीत म्हाताऱ्यांनी उपचार सोसला. नुसत्या किरणांवरही शतकातले छत्तीस म्हातारे दोन वर्षांनी हयात असतात, हीसुद्धा लहान गोष्ट नव्हे. ऐंशी-नव्वदीतल्या रोग्यांना किरणोपचार देऊन त्याच्या नोंदी ठेवण्याचं काम जपानी डॉक्टरांनीही बरंच केलं आहे. वय हे एकटं काही कारण नव्हे, हे त्यातून दिसतं.

तो कागद छापून घेऊन मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंपुढं ठेवला. वयानं माझ्याहून लहान, बोलायला शांत. त्यांनी तो बाजूला सारला नाही. म्हणाल्या, "चांगला कागद आहे. मी वाचलेला आहे. आता या कागदातले आजोबा आणि तुमचे आजोबा एकच आहेत का, ते पाहू."

मग त्यांनी आबांना खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं. तीन मीटरांवर एक खूण होती. तिथवर चालत जाऊन, वळून, परत येऊन बसायला सांगितलं. आबांना उठायलाच दोनदा झोक घ्यावा लागला. मग वजन. मागल्या वर्षीच्या कागदावर ५८ किलो होतं, ते ४६ भरलं. पाण्याचा घोट दिला, तो ठसक्यानं परत आला. मूत्रपिंडाची तपासणी अगोदरच झाली होती, तीही सुमार होती. बाई म्हणाल्या, "प्रयोगात गेलेले लोक वयानं म्हातारे होते, पण चालते-फिरते होते. वयाचा दाखला जन्माची तारीख देते. अंगात किती उरलं आहे ते ही खुर्ची सांगते. याच वयाचे पण वजन टिकलेले, चालून आलेले आजोबा असते, तर पुऱ्या उपचाराचा आग्रह मीच धरला असता."

श्रोतेहो, इथं माझा तर्क सपशेल पडला. आबांच्या वयाचे लोक कागदात सापडले, एवढ्यानं मी आबांनाच त्यात बसवून मोकळा झालो होतो.

त्यानंतर बाईंनी आम्हां दोघांना बाहेर जायला सांगितलं. दादा घुटमळला, "बाई, त्यांना सांगू नका हो." त्या म्हणाल्या, "मी सांगणार नाही. मी विचारणार आहे." दार पूर्ण लागलं नव्हतं, त्यामुळं ऐकू आलं.

"आजोबा, तुम्हांला काय झालंय असं वाटतं?"

"मोठं दुखणं हाय. आमच्या आळीतला एक असाच गेला. पोरं सूज म्हणत्यात. म्हणू देत."

"मग तुम्हांला काय व्हावंसं वाटतं?"

आबा थोडा वेळ थांबले. "पाणी उतरावं. तहान लय लागती. आन् भाताची दोन शितं आमटीसंगट गेली तर बरं." मग म्हणाले, "किती खेपा माराव्या लागत्याल?"

त्या एका प्रश्नात आबांचं सगळं गणित होतं. गावापासून दवाखाना दीड तासाचा. पुरा उपचार म्हणजे अठ्ठावीस खेपा, वर औषधांच्या बाटल्या, त्यासाठी दवाखान्यात राहणं. बाईंनी दुसरी वाट सांगितली: दहा हप्त्यांत ३० ग्रे. दोन आठवड्यांत संपतं. त्यानं रोग मुळातून जाण्याची आशा धरायची नाही. नळीची वाट मोकळी व्हावी, रक्तस्राव आणि दुखणं कमी व्हावं, एवढाच हेतू. आबा म्हणाले, "दहा जमतील."

या छोट्या वाटेलाही औषधांची जोड द्यावी का, हे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा आणि ब्रिटन इथल्या डॉक्टरांनी २२० रोग्यांत तपासून २०१८ साली छापलं आहे. नुसत्या किरणांनी शेकडा ३५ जणांचं गिळणं सुधारलं आणि तेराव्या आठवड्यापर्यंत टिकलं. औषधं जोडल्यावर ४५ जणांचं. पण हा फरक केवळ योगायोगानंही पडू शकेल एवढाच होता, आणि औषधांनी मळमळ-उलट्या मात्र वाढल्या. आयुष्य वाढलं नाही. या आकड्यांची दुसरी बाजूही पाहावी. शंभरातल्या पस्तीसांना टिकाऊ आराम, म्हणजे उरलेल्या पासष्टांना तसा नाही. कुणी डॉक्टर शेक दिला की हमखास गिळता येईल असं म्हणू लागला, तर त्यालाही चार प्रश्न विचारावेत.

किरणांखेरीज आणखी एक सोय असते, ती म्हणजे नळीत जाळीदार धातूची नळी, स्टेंट, बसवणं. अन्न अगदीच बंद झालं असेल तर तिचा गुण चार-दोन दिवसांतच येतो. किरणांचा एक प्रकार असाही आहे की बारीक नळीवाटे किरणांचं उगमद्रव्य थेट गाठीपाशी नेऊन एकाच बैठकीत मात्रा देतात. नेदरलंड्समध्ये २०९ रोग्यांत या दोहोंची तुलना झाली, २००४ साली छापली गेली. स्टेंटनं लवकर गिळता आलं, पण पुढं जास्त काळ बरं राहिलं ते आतून किरण दिलेल्यांना. ज्याचे दिवस थोडे दिसतात त्याला स्टेंट, ज्याला काही महिने आहेत असं वाटतं त्याला किरण, असा ढोबळ हिशेब त्यातून निघतो. आतून किरण देण्याची सोय सगळीकडे नसते, हेही खरं.

आबांचा उपचार सुरू झाला. पहिला आठवडा नीट गेला. दुसऱ्या आठवड्यात, सातव्या दिवशी, त्यांनी ताकसुद्धा नको म्हटलं. गिळताना निखारा उतरल्यासारखं होत होतं. घरात एकच कल्लोळ झाला. वहिनी म्हणाल्या, "होतं तेही गिळणं गेलं. बंद करा हे." दादाचंही मन फिरलं. खरं सांगतो, माझंही फिरलं. आम्ही आठव्या दिवशी गाडीच काढली नाही.

श्रोतेहो, हा भाग नीट ऐका. किरणांनी नळीचं आतलं अस्तर भाजल्यासारखं होतं. त्यामुळं उपचार मध्यावर आला की, आणि संपल्यावरही एक-दोन आठवडे, गिळणं आधीपेक्षा वाईट होतं. ते अपेक्षितच असतं. अस्तर भरून यायला आणि गाठ ओसरायला काही आठवडे लागतात. पण घरच्यांना ही गोष्ट आधी माहीत नसेल, तर त्यांना वाटतं उपचार अंगाशी आला, आणि अर्ध्यावर सोडून ते घरी बसतात. म्हणजे त्रास पदरी पडतो आणि गुण येण्याच्या आधीच वाट सोडली जाते. आम्हांला बाईंनी हे सांगितलं होतं. एका कागदावर लिहूनही दिलं होतं. तो कागद माझ्याच खिशात होता. चीनचे आकडे पाठ होते, आणि घरच्या माणसासाठी लिहून दिलेल्या चार ओळी मी वाचल्या नव्हत्या.

संध्याकाळी दवाखान्यातूनच फोन आला, आजोबा का आले नाहीत म्हणून. जेवणापूर्वी घ्यायचं भूल आणणारं पातळ औषध त्यांनी सांगितलं, ते घशात सोडलं की काही वेळ आग शमते. गिळणं अगदीच बंद झालं तर नाकातून बारीक नळी घालून दूध-पेज देता येते, तिला भिऊ नका म्हणाल्या. तिची गरज पडली नाही. एक दिवस चुकवून आबांनी दहा खेपा पुऱ्या केल्या.

त्या दिवसांत वहिनींनी जे केलं ते सांगण्यासारखं आहे. नाचणीची आंबील त्यांनी बंद केली, आंबटानं आग होते म्हणून. तिच्या जागी दुधातली गोड खीर, कोमट, गाळून. शेंगदाणे भाजून, अगदी गंधासारखे वाटून दुधात. मऊ भात आणि मुगाचं वरण घोटून. थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा. तिखट नाही, कढत नाही. खाताना ताठ बसवायचं, आणि खाल्ल्यावर अर्धा-पाऊण तास आडवं होऊ द्यायचं नाही. नाहीतर अन्न उलटून श्वासनलिकेत जातं आणि म्हाताऱ्या माणसाला न्युमोनिया होतो. या वयात रोगाइतकाच त्या न्युमोनियाचा धाक. ताप, वाढता खोकला, पाणी पिताच लागणारा ठसका, काळा संडास, यांपैकी काही दिसलं की पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

गावोगावच्या शिक्षकबंधूंशी आणि भगिनींशी थोडं बोलायचं आहे. गावात दवाखान्याचा कागद आला की तो अजूनही तुमच्याकडे वाचायला येतो. वाचून दाखवताना रोगाचं नाव वाचून थांबू नका. या उपचाराचा हेतू रोग घालवणं आहे की घास मोकळा करणं आहे, हे डॉक्टरांना विचारून या, असं त्यांना सांगा. हप्ते किती, कुठल्या आठवड्यात त्रास वाढेल आणि तेव्हा कुणाला फोन करायचा, हेही एका कागदावर लिहून द्या. पैशाचा प्रश्न निघेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचार बसतो. आणि २०२४ सालापासून सत्तर वर्षांवरच्या कुणालाही, मग मिळकत कितीही असो, आयुष्मान योजनेचं वेगळं कार्ड काढता येतं. ते कार्ड आजार येण्यापूर्वीच काढून ठेवलेलं बरं. आमची त्या कार्डापायी सहा दिवस धावपळ झाली. पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून एस. टी.चा प्रवास मोफत झाला आहे, पण रोज बसनं नेणं अशक्त माणसाला झेपेलच असं नाही. मुंबईला जावं लागलं तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोगाचे रोगी आणि त्यांच्या सोबतचे उतरतात.

आणि लिंबाखाली आम्ही जे केलं ते होऊ देऊ नका. म्हाताऱ्याला बाकावर बसवून मुलांनी दूर उभं राहून ठरवायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. त्यात वाईट हेतू नसतो. पण आबांना आधी विचारलं असतं, तर मी रात्र जागून जे शोधत होतो त्याचं उत्तर त्यांनी दोन वाक्यांत दिलं असतं.

उपचार संपल्यावर चौथ्या आठवड्यात, एका सकाळी, आबांनी पेजेत थोडा भात मागितला. पाचव्या आठवड्यात आमटी-भात कुस्करून खाल्ला. वजन दोन किलो वाढलं, पुढं तिथंच राहिलं. संक्रांतीला गूळपोळी दुधात भिजवून त्यांनी चार घास खाल्ली, आणि त्या दिवशी पंगतीत बसले. सगळ्यांची जेवणं आटोपली तरी दादा आणि मी हात वाळवत त्यांच्याशेजारी बसून राहिलो. ऊन खाली झालं की पारापर्यंत चालत जात. मळ्यापर्यंत मात्र पुन्हा गेले नाहीत.

सातव्या महिन्यात घास परत अडू लागला. बाईंनी स्टेंटची गोष्ट काढली. या वेळी आम्ही कुणी बाहेर गेलो नाही आणि कुणी मध्ये बोललोही नाही. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता नको. पाणी उतरतंय." शेवटच्या आठवड्यापर्यंत पाणी आणि दूध उतरत होतं. कुत्र्याला मात्र पुढं कुणी काला भरवला नाही. तो पुष्कळ दिवस पडवीच्या पायरीशी येऊन बसत असे.